'साइडवॉल'ला काय म्हणावं?

कानामात्रा:
एक भाषांतर तपासतेय. सिलिकॉनच्या चकतीत कोरलेल्या सूक्ष्म चरांबद्दल आहे. 'साइडवॉल पॅटर्निंग'ला भाषांतरकाराने 'पार्श्वभिंतीचे आकृतिबंधन' लिहिलंय. वाचतानाच धाप लागते. 'बाजूची भिंत' चालेल?

सिलिकॉनवाला:
'बाजूची' तरी कशाला? चराला एक तळ आणि दोन भिंती. 'चराची भिंत' पुरे. पॅटर्नला मात्र 'नक्षी' करू नका, ती शोभेची वाटते.

उलटसुलट:
नक्षीचं मूळ अरबी 'नक्श', त्यात कोरणं आहेच. नकाशाही तिथलाच. शोभा मागून चिकटली. आणि भिंतीला 'कूस' म्हणा की! डोंगराची कूस, गावकूस.

सिलिकॉनवाला:
डोंगराची कूस उतरती, गावकूस उभी. इथे नेमका तोच फरक कळायला हवा. (१००) चकती, म्हणजे स्फटिकाच्या (१००) या पातळीला समांतर कापलेली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने कोरली की भिंती तळाशी ५४.७ अंशांचा कोन करून तिरक्या राहतात. बॉश पद्धतीत त्या जवळजवळ उभ्या. तिथे सल्फर हेक्झाफ्लोराइडने थोडं कोरायचं, मग दुसऱ्या वायूने सगळीकडे टेफ्लॉनसारखा पातळ थर चढवायचा. तळावरचा थर आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) माऱ्याने उडतो, भिंतीवरचा टिकतो, पुन्हा कोरायचं. प्रत्येक फेरीची खूण भिंतीवर उरते: एकाखाली एक आडव्या, अर्धगोल खाचा. इंग्रजीत त्यांना शिंपल्यावरून 'स्कॅलप' म्हणतात. याला शब्द सुचवा, 'कूस' राहू द्या.

उलटसुलट:
कंगोरे! कडेची नागमोडी कातर म्हणजे कंगोरा. हल्ली बिचारा फक्त 'विषयाचे विविध कंगोरे'मध्ये भेटतो.

सिलिकॉनवाला:
घेतला. खाचांमधली टोकं बाहेर येतात, ती तर अगदी कंगोऱ्यासारखीच.

कानामात्रा:
मस्त. पुढे 'परिभ्रमी लेपन' आहे. हे काय?

सिलिकॉनवाला:
स्पिन कोटिंग. चकती गरगर फिरवून तिच्यावर रेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने नक्षी उठवता येते तो लेप, पसरवतात. सपाट पृष्ठभागावर उत्तम. पण चर खोल असला की रेझिस्ट वरच्या कडेवर विरतो आणि तळाच्या कोपऱ्यात साचतो. भिंतीवर नक्षी (बघा, मीच लिहिलं) उठवायची तर त्याची फवारणी करतात, नाहीतर विजेच्या साह्याने लेप बसवतात. उभ्या भिंतीवर वरून सरळ प्रकाश पडत नाही, म्हणून तो तिरका टाकतात.

कानामात्रा:
मग 'फिरवून लेप देणे', 'चराच्या भिंतीवर नक्षी उठवणे', 'कंगोरे'. 'पार्श्व' कापलं. एचिंगला 'कोरणे' ठेवू ना?

उलटसुलट:
ओल्या रसायनाला 'झिजवणे' बरं नाही का? कोरायला हत्यार लागतं.

सिलिकॉनवाला:
आयन हे हत्यारच. ओल्याचं तुम्ही दोघं ठरवा.