मदत हवी आहे: शेतमालासाठी जुनी पिकअप, बीएस-४ की बीएस-६?

पिंपळगाव बाजार समिती आणि वाशी मार्केटच्या फेऱ्यांसाठी जुनी पिकअप घ्यायची आहे. क्रेटसह माल दीड टनाच्या आत, पण कसारा घाट आहेच. बोलेरो पिकअप १.७ टन की टाटा योद्धा?

एप्रिल २०२० आधीची बीएस-४ (जुन्या प्रदूषण मानकाची) दुरुस्तीला सोपी. बीएस-६ मध्ये सेन्सर जास्त. शिवारातल्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होण्याचा त्रास कितपत?

इंजिन गरम असताना ऑइलचं झाकण काढून धूर फेकतं का, ते बघणारच. स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला वेल्डिंगही तपासेन. ओव्हरलोड चाललेली गाडी तिथे तडकते, आणि ताजा काळा रंग दिसला की शंका घ्यावीच.

टर्बो आणि इंजेक्टर मात्र खोलल्याशिवाय कसे पारखायचे? नाशिकमध्ये द्वारका, पंचवटीकडे कोणत्या गाडीचे पार्ट हातोहात मिळतात?