मदत हवी आहे: युरोपच्या कार्बन करापोटी बोल्टच्या दरात किलोमागे ११ रुपये कापतायत, हिशोब बरोबर आहे का?

बोल्टवाला_कुपवाड:

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. बोल्टचं डोकं घडवणारे दोन हेडर, आटे पाडायचं एक थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंटची एक भट्टी आणि १८ माणसं. बहुतेक माल इथल्याच ट्रॅक्टर-ट्रेलरवाल्यांना जातो. महिन्याला साधारण ३ टन मात्र पुण्याच्या एका मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत जर्मनीला जातो. दर १६५ रुपये किलो, पैसे वेळेवर. त्यामुळे हे गिऱ्हाईक सोडायची अजिबात इच्छा नाही.

गेल्या महिन्यात त्यांची मेल आली. सीबॅम, म्हणजे युरोपच्या सीमेवरचा कार्बन कर, १ जानेवारी २०२६ पासून खरोखरचा लागू झालाय, म्हणून दरात किलोमागे ११ रुपये कमी करा. सोबत एक एक्सेल, त्यात पिवळे रकाने. 'एम्बेडेड एमिशन' भरा म्हणे. मला वाटलं कार्बन म्हणजे मालातला कार्बन. ज्या वायर रॉडपासून बोल्ट बनतात त्याच्या टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, ०.३५ टक्के होता, तो टाकून पाठवला. तिकडून फोन आला, माल बनवताना हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड हवाय म्हणे, पलीकडची मुलगी हसू दाबत होती. पण खात्री करायला मी स्टॉकिस्टला विचारलं तर तोही हेच म्हणाला, "कार्बन टीसीवर आहे की ओ!" म्हणजे सांगलीत मी एकटाच येडा नाही.

मग चार रात्री बसून वाचलं. मला समजलं ते असं:

पहिल्या वर्षी कर फक्त अडीच टक्के आहे. टनाला २.६ टन कार्बन डायऑक्साइड धरला, त्याचा टनाला भाव ७५ युरो धरला, युरो १०० रुपये धरला, तर त्याचे अडीच टक्के म्हणजे टनाला ४८७ रुपये. किलोला ४९ पैसे. मग ११ रुपये आले कुठून?

शिवाय ५० टनांच्या आत असलेल्यांना माफी आहे असंही वाचलं. माझे वर्षाचे ३६ टन. मग मी यात बसतोच कसा?

तिसरं म्हणजे, छपरावर सोलर टाकायला बँक तयार आहे. विजेचा कार्बन कमी दाखवला तर कर वाचेल का? महावितरणची १२ महिन्यांची बिलं स्कॅन करून ठेवलीत.

कुणी जाणकार असेल तर सांगा. सल्लागार लावायची ऐपत नाही, आणि जे भेटले त्यांना माझ्यापेक्षा कमी माहिती होती.

हळदबाजार:

धागा वाचतोय. त्या ०.३५ टक्क्यांवर बायकोला उठवून हसलो, माफ करा.

रोलिंगमिल_निवृत्त:

बोल्टवाले, तुमच्या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. पण चुका शहाण्या माणसाच्या आहेत, कारण पेपरात असंच अर्धवट छापून येतं.

आधी ५० टनांचं. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीत ही सूट आली, पण ती युरोपातल्या आयातदाराला आहे, तुम्हाला नाही. त्याने वर्षभरात सगळीकडून मिळून जेवढं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत आणलं त्याची बेरीज ५० टनांच्या आत हवी. तुमचे ३६, राजकोटवाल्याचे ४००, तैवानचे आणखी काही. तो या सुटीच्या बाहेर कधीच गेला. या सुटीने ९० टक्के आयातदार सुटले आणि तरी ९९ टक्के उत्सर्जन जाळ्यातच राहिलं, म्हणजे मासे मोठेच धरलेत.

आता सोलर. पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतात, वीज धरतच नाहीत. महावितरणची बिलं फायलीत ठेवा. सोलर लावायचं तर बिल वाचवायला लावा, सीबॅमसाठी नको. खरा भार तुमच्या वायर रॉडमध्ये आहे, म्हणजे ज्या मिलच्या भट्टीत ते लोखंड वितळलं तिथे. भारतात कच्च्या पोलादाची सरासरी टनाला अडीच टनांच्या वर आहे, कारण आपलं बरंचसं पोलाद कोळशावरचं. तुमच्या भट्टीला टनामागे किती गॅस लागतो?

बोल्टवाला_कुपवाड:

एलपीजी, टनाला ४० किलोच्या आसपास.

रोलिंगमिल_निवृत्त:

किलोला ३ किलो धरा. १२० किलो झाले. ते सगळे धरले तरी मिलच्या अडीच टनांपुढे ती फोडणी.

आता अडीच टक्के. इथे सगळे फसतात. अडीच टक्के हा कराचा दर नाही. युरोपातल्या कारखान्यांना कार्बन सोडायचा जो फुकट कोटा मिळतो तो २०२६ मध्ये अडीच टक्क्यांनी कमी होतो. २०२७ ला ५, २०२८ ला १०, २०३० ला ४८.५ आणि २०३४ ला पूर्ण १००. तुम्हाला वजावट मिळते ती बेंचमार्कची, म्हणजे युरोपने त्या मालासाठी ठरवलेल्या उत्सर्जनाच्या मापाची, तुमच्या उत्सर्जनाची नाही. बेंचमार्क उत्पादनाच्या मार्गाप्रमाणे बदलतो, पण समजण्यापुरता १.४ धरू. त्याचे ९७.५ टक्के म्हणजे १.३६५. तुमच्या २.६ मधून वजा केले की १.२३५ उरतात. गुणिले ७५ युरो, साधारण ९३ युरो टनाला. किलोला सव्वानऊ रुपये.

म्हणजे बेंचमार्कच्या वरचा सगळा भाग पहिल्या दिवसापासून पूर्ण भावाने लागतो. अडीच टक्के ऐकून गाफील राहिलेले फार आहेत.

बोल्टवाला_कुपवाड:

४९ पैशांवरून सव्वानऊ. चहा थंड झाला. पण तरी ११ होत नाहीत.

माधवनगर_सीए:

ते मी सांगते. तुम्ही प्रत्यक्ष आकडा दिलाच नाही, ०.३५ दिलात. आकडा नसला की आयातदार डिफॉल्ट, म्हणजे युरोपने ठरवून दिलेला आकडा, लावतो, आणि डिफॉल्टवर मुद्दाम चढ ठेवलाय: २०२६ ला १० टक्के, २०२७ ला २०, २०२८ पासून ३०. तुमचा २.६ हाच डिफॉल्ट समजा. त्यावर १० टक्के म्हणजे २.८६. वजा १.३६५, गुणिले ७५. टनाला ११२ युरो, किलोला ११ रुपये २० पैसे. पुण्याच्या माणसाने हेच केलंय. लबाडी नाही, पण सगळा बोजा तुमच्या गळ्यात घातलाय, ते मात्र बघा. कर आयातदाराचा आहे. हा कर प्रमाणपत्रं विकत घेऊन भरायचा असतो; २०२६ च्या मालासाठीची प्रमाणपत्रं विकायलाच निघतात फेब्रुवारी २०२७ ला, आणि भरायची मुदत ३० सप्टेंबर २०२७. म्हणजे त्याच्या खिशातून अजून एक युरो गेलेला नाही आणि तुमचे पैसे आत्ताच कापतोय.

समजा तुमच्या मिलचा खरा आकडा चांगला निघाला, तुमच्यासकट २.२. मग किलोला ६ रुपये २६ पैसे. फरक जवळपास ५ रुपये, वर्षाच्या ३६ टनांवर पावणेदोन लाखांच्या थोडा वर.

बोल्टवाला_कुपवाड:

ताई, मनापासून आभार. पण आकडा पडताळून घ्यावा लागतो ना? व्हेरिफायरचं कोटेशन आलंय २ लाख ४० हजार. पावणेदोन लाख वाचवायला दोन चाळीस घालवू? कराचं दुःख नाही ओ, पण आपण खरे आहोत हे सिद्ध करायचाच खर्च कराहून जास्त. मोठ्या कंपनीला ३,००० टनांवर हाच खर्च दिसणारही नाही.

माधवनगर_सीए:

हेच या कायद्याचं लहान युनिटला खरं दुखणं आहे. यंदा एकट्याने करू नका. पण २०२८ चा हिशोब मांडून बघा. चढ ३० टक्के, वजावट १.२६ वर आलेली. डिफॉल्टने किलोला जवळपास १६ रुपये, प्रत्यक्ष आकड्याने ७. फरक वर्षाला ३ लाखांच्या वर जातो, तेव्हा दोन चाळीस परवडतात. तोपर्यंत कुपवाड-मिरजेतले तीन-चार बोल्टवाले मिळून व्हेरिफायरची एकच फेरी ठरवा आणि त्याचा निम्मा खर्च एक्स्पोर्टरकडून मागा.

शेजारी_फाउंड्री:

माझं कास्टिंग जातं, मालाचा एचएसएन कोड ७३२५. मलाही बसणार का?

रोलिंगमिल_निवृत्त:

७३२५ यादीत नाही. बोल्टचा ७३१८ आहे, फोर्जिंगवाल्यांचा ७३२६ आहे. फार खूश होऊ नका, डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने पुढच्या टप्प्यातल्या १८० च्या आसपास उत्पादनांचा प्रस्ताव मांडलाय. आणि इंग्लंडचा वेगळा सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून.

सरळसांगतो:

कशाला डोकं पिकवताय? हे सगळं रद्द होणार. ऑस्ट्रेलियाने २०१४ ला कार्बन कर काढला, कॅनडाने १ एप्रिल २०२५ ला पेट्रोलवरचा बंद केला. मतपेटीपुढे टिकला नाही.

रोलिंगमिल_निवृत्त:

कॅनडाने सामान्य माणसाचा काढला, कारखान्यांचा ठेवला. आणि तिथे मत देणारा कर भरत होता. सीबॅमचा बोजा कुपवाडच्या बोल्टवाल्यावर, त्याला जर्मनीत कुठली मतपेटी?

कृष्णाकाठ:

आपल्याकडे कार्बनवर पैसे मोजले तर तिकडे वजा होतात ना? कोळशावर टनाला ४०० रुपये सेस होता की.

माधवनगर_सीए:

वजा होतात, पण मोजलेले असले तर. तो सेस २२ सप्टेंबर २०२५ ला गेला, त्याच दिवशी कोळशाचा जीएसटी ५ वरून १८ झाला, आणि जीएसटी म्हणजे कार्बनचा दर नव्हे. आपल्या कार्बन क्रेडिट योजनेत ऑक्टोबर २०२५ ला ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली, कागद यांना लक्ष्यं दिली. त्यात पोलाद नव्हतं. म्हणजे सध्या हा पैसा ब्रसेल्सलाच.

बोल्टवाले, बोलणी करताना एक लक्षात ठेवा. चिनी फास्टनरवर, म्हणजे बोल्ट-स्क्रूवर, युरोपात २०२२ पासून अँटी-डम्पिंगचा जादा आयात कर आहे, काहींवर ८६.५ टक्के. जर्मन माणसाला तुमची जागा भरायला स्वस्त पर्याय पटकन सापडणार नाही. ११ वर सही करू नका. निम्मं तुम्ही, निम्मं ते, आणि खरा आकडा आल्यावर फेरहिशोब, असं लिहून मागा.

बोल्टवाला_कुपवाड:

दोन दिवसांनी लिहितोय. साडेपाचवर तयार झालेत, फेरहिशोबाची अट मेलवर घेतली. स्टॉकिस्टला मिलचा आकडा मागितला, तो म्हणतो मिल देते, पण कॉइलचा हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या घाणात वितळलं त्याचा नंबर, हवा. नंबर असतो कॉइलला बांधलेल्या पत्र्याच्या टॅगवर, आणि आमची पोरं कॉइल सोडली की टॅग स्क्रॅपच्या पिंपात टाकतात. काल पिंप उपडं करून ४१ टॅग काढले. अर्धे गंजलेत. घासले तर नंबरच जाईल अशी भीती वाटते. काय करू?

रोलिंगमिल_निवृत्त:

घासू नका. डिझेलचा बोळा फिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी तिरक्या उजेडात मोबाइलने फोटो काढा. पंचिंग असेल तर दिसतं. आणि उद्यापासून टॅगसाठी हेडरजवळ एक खिळा ठोका.