मागणीवरून केलेल्या कामात कलावंताचे स्वतःचे काय उरते?

वैनगंगाकाठ (धागा सुरू करणारे)

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रदर्शनात मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मांडले होते. एका जाणकार गृहस्थांनी त्यांतला एक हातात घेऊन न्याहाळला आणि ते म्हणाले, "काम सुबक आहे, पण लोकांच्या सांगण्यावरून केलेले आहे, यात तुमचे स्वतःचे काय?" तो प्रश्न मनातून जात नाही, म्हणून येथे मांडतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गावी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघरी फिरवतात आणि लोक त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देतात. मी दरवर्षी ४० च्या आसपास बैल करतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला. घरची बैलजोडी विकावी लागली होती आणि त्यातल्या एका बैलाचे डावे शिंग खाली वळलेले होते. त्याला अगदी तसाच बैल हवा होता. शिंगे मी वेगळी घडवून डोक्याच्या खोबणीत बसवतो. ते डावे शिंग मी तीनदा तासले, कारण वळण जरा जास्त झाले की बैल आजारी दिसायचा आणि कमी झाले की इतर बैलांसारखाच दिसायचा. डोळे मी नेहमी शेवटी रंगवतो. ते रंगवून झाल्यावर त्याने शिंगावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "हाच आहे जी आमचा." मी एकटा माझ्या मनाने बसलो असतो, तर तसे शिंग माझ्या हातून जन्मात घडले नसते. माझे स्वतःचे जे काही आहे ते त्या तीनदा तासण्यात आहे, असे मला वाटते.

वर्ध्याची चित्रकार

भाऊ, तुमचा प्रसंग वाचताना डोळे भरून आले, तरी मी त्या गृहस्थांच्याच बाजूने बोलणार आहे.

मी १२ वर्षे लग्नघरांच्या भिंती रंगवल्या. गणपती, कलश, केळीचे खांब, दोन मोर आणि मधोमध वधूवरांची नावे, हे सारे शेजारच्या घरी गेल्या वर्षी होते तसेच हवे असे. एका घरी मी मोरांऐवजी नावांभोवती बोंडांनी फुटलेली पऱ्हाटी काढली, कारण त्या लग्नाचा सगळा खर्च कापसाच्याच पैशातून होणार होता. पांढरे बोंड पांढऱ्या भिंतीवर उठून दिसावे म्हणून मागे निळ्या रंगाचा हलका हात दिला होता. घरातल्या मोठ्या माणसाने संध्याकाळी त्यावर चुना फिरवला. "लग्नात तरी शेतीची आठवण नको," एवढेच ते बोलले. त्यांचे दुःख मला कळले, परंतु त्या दिवसापासून मी मोरच काढत राहिले आणि माझा हात जड होत गेला. आता मी रात्री घरी कागदावर पऱ्हाटी काढते. ती कोणाला दाखवायची नसते, म्हणूनच रेघ मोकळी येते.

आणखी एक गोष्ट सांगते. "तुम्हाला आवड आहे, तुमच्यासाठी हे पाच मिनिटांचे काम," असे म्हणून दोन दिवसांच्या कामाचे पैसे अनेकांनी बुडवले. दुसऱ्यासाठी कला करण्यातला आनंद हा शब्द माझ्या कानावर बहुतेक वेळा हिशेबाच्या वेळीच आला.

वडसा मुक्काम

ताई, मी झाडीपट्टीसाठी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, नाटके लिहितो. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. गावचे मंडळ नाटक ठरवते, रात्री पडदा उघडतो आणि माणसे थंडीत पहाटेपर्यंत बसून राहतात. ही रंगभूमी पहिल्यापासून समोरच्या माणसासाठीच उभी राहिली आहे आणि २०२३ मध्ये नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती तिच्यातल्याच कामासाठी. येथे कलेचे मोल कमी होते, असे मी कसे मानावे?

माझ्या एका नाटकात आईचे लांब स्वगत होते आणि मला ते फार प्रिय होते. मध्यरात्रीनंतर ते आले की माणसे चहाला उठत. पहिल्यांदा मला प्रेक्षकांचा राग आला. पुढे एका प्रयोगाला मी मागे बायकांमध्ये जाऊन बसलो, तेव्हा उमगले की त्यांना आईचे दुःख नको नव्हते, ती हात रिकामे ठेवून इतका वेळ बोलते हे त्यांना खरे वाटत नव्हते. मी तिच्या हातात सूप दिले. धान पाखडता पाखडता ती तीच वाक्ये बोलू लागली, आणि कोणी उठले नाही.

वर्ध्याची चित्रकार

दादा, तुम्हाला दुसऱ्या रात्री दुसरा प्रयोग मिळाला. माझ्या भिंतीला एकच दिवस होता आणि चुना फिरल्यावर बोलणेच संपले. ज्याला नकार ऐकून पुन्हा करून पाहता येते, त्याच्यासाठी तुमचे म्हणणे खरे आहे. शिवाय तुमचे मानधन मंडळ नाटक ठरवतानाच ठरते.

वैनगंगाकाठ

ताई, पैशाबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मीही अनेक वर्षे नात्यागोत्यात बैल फुकट दिले आणि बायकोने हिशेब दाखवेपर्यंत रंगाचा खर्चसुद्धा धरला नव्हता. यंदापासून लाकूड हातात घेण्याआधीच दर सांगतो.

पण चुना फिरल्यावर बोलणे संपले, हे मला पटत नाही. त्या माणसाला ती पऱ्हाटी सहन झाली नाही, म्हणजे ती त्याला भिडली होती. मोरांवर कोणी कधी चुना फिरवला आहे का? रात्री तुम्ही कागदावर जी पऱ्हाटी काढता, तिच्यामागे तो निळा हात अजूनही देता का, तेवढे सांगा.

वर्ध्याची चित्रकार

देते. आता जास्त गडद देते.