मदत हवी आहे : गिअरबॉक्स उघडला आहे, पुढच्या डिफरन्शियलचा बॅकलॅश एका आकड्यावर थांबत नाही

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. घरच्या गाडीचा गिअरबॉक्स गेले तीन आठवडे मानेवाड्याच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडा आहे आणि आता एका जागी अडलो आहे : पुढच्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणारा गिअरसंच) दातांमधली मोकळी चाल, म्हणजे बॅकलॅश, जुळत नाही. गाडी २००५ ची शेवरोले फॉरेस्टर, दोन लिटर पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना ओढ. नाव शेवरोलेचं असलं तरी आतून ती पूर्ण सुबारू आहे. सुबारूचा गिअरबॉक्स ज्यांनी कधी उघडला असेल त्यांनी कृपया वाचा. ट्रकची किंवा जीपची क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या आणि लहान गिअरची काटकोनातली जोडी) ज्यांनी स्वतःच्या हाताने बसवली असेल त्यांनी तर वाचाच, कारण प्रश्न शेवटी तोच आहे.

ज्यांनी हा डबा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मारुती ८०० किंवा अल्टोत इंजिन आडवं असतं, डिफरन्शियलचा मोठा गिअर तिरक्या दातांचा साधा गिअर असतो, तिथे क्राउन-पिनियन जुळवायचं कामच नसतं. फॉरेस्टरचं इंजिन गाडीच्या लांबीत बसतं. पुढचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच केसमध्ये, क्लचच्या लगेच मागे आहे, आणि त्यात ट्रकच्या हौसिंगमध्ये असते तशी हायपॉइड (पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून थोडी बाजूला असलेली) क्राउन आणि टेल पिनियन आहे, फक्त लहान. पिनियनचा शाफ्ट एका पोकळ शाफ्टच्या आतून मागे सेंटर डिफरन्शियलपर्यंत (पुढच्या आणि मागच्या चाकांत ओढ वाटणाऱ्या) जातो. क्राउनच्या दोन्ही अंगांना टेपर बेअरिंग आहेत आणि त्यांना दाबून धरायला आटे पाडलेले दोन रिटेनर केसच्या डाव्या-उजव्या बाजूने आत फिरतात. एक जितका सोडाल तितकाच दुसरा आवळायचा, म्हणजे क्राउन पिनियनकडे सरकते किंवा लांब जाते. बाजूला पत्त्या (शिम) नाहीतच, रिटेनरच्या कडेवरच्या खाचा मोजायच्या.

आता गाडीचं दुखणं. दिवाळीनंतर चिखलदऱ्याहून परत येत होतो. घाट उतरताना तिसरा गिअर दोनदा कचकन बसला. परतवाडा सोडून सपाट रस्ता लागला तर पन्नास ते सत्तरच्या मध्ये पुढून एक बारीक रडका आवाज. ॲक्सिलरेटर दाबला की कमी, पाय काढला की वाढायचा. घरी येऊन ऑइल काढलं तर साडेतीन लिटरच्या जागी जेमतेम दोन लिटर निघालं, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लगदा. बोटात चोळला तर त्यात चमक होती. या गाडीत गिअरबॉक्सचं आणि पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल एकच असतं, म्हणजे उपाशी राहिले ते दोघेही.

मूळ मागे आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या एक्सलचं सील गळत होतं म्हणून एका गॅरेजात दिली होती. सील बदलताना त्यांनी अख्खा रिटेनर बाहेर काढला आणि खाचा न मोजता, खूण न करता हाताला लागेल तितका आवळून टाकला. हे मला आता कळतंय, कारण लॉक प्लेटवर (रिटेनर फिरू नये म्हणून लावलेल्या पट्टीवर) छन्नीचे व्रण आहेत आणि रिटेनरवरची ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) कापली गेलेली निघाली. सील नवं होतं, तरी ऑइल आट्यांतूनच झिरपत राहिलं. मी वेळेवर लेव्हल पाहिली नाही याचं मला वाईट वाटतं. बाबांची गाडी आहे. आई आजारी असताना वर्ध्याच्या सगळ्या फेऱ्या हिनेच केल्या, म्हणून भंगारात देणं आमच्या घरात कोणाला मान्य नाही.

दुसरा गिअरबॉक्सही पाहिला. एक माणूस मुंबईहून जुना डबा पाठवायला तयार होता, पण त्याच्या क्राउनचे दात मोजून सांगायला तयार नव्हता. या डब्यांत ९ आणि ३७ दातांची जोडी येते, म्हणजे ४.१११, आणि ९ आणि ४० चीही येते, म्हणजे ४.४४४. पुढे एक आणि मागच्या एक्सलला दुसरी बसली तर सेंटर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत घासत राहणार. नाद सोडला. शिवाय शेवरोले विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्रीच बंद केली, त्यामुळे जे हातात आहे तेच नीट करणं बरं असं ठरवलं.

आतापर्यंत झालेलं काम : केस उघडून तिसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) आणि मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग बदललं. डिफरन्शियलच्या डाव्या टेपर बेअरिंगच्या रोलरवर खड्डे होते म्हणून दोन्ही बाजूंची बेअरिंग कप-कोनसकट नवीन टाकली. क्राउनच्या दातांवर झीज आहे पण टवका कुठेही उडालेला नाही. पिनियनला, त्याच्या बेअरिंगला आणि उंचीच्या पत्तीला मी हात लावलेला नाही. रिटेनर फिरवायचं कंपनीचं हत्यार मिळालं नाही, म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून जाड पाइपाच्या तोंडाला खाचांच्या मापाचे दात काढून घेतले. ते उत्तम चालतंय.

मॅन्युअलमध्ये बॅकलॅश ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर दिलाय. पद्धत अशी की आधी हाताला लागेपर्यंत रिटेनर फिरवायचे, मग एका बाजूने दीड खाच सोडून दुसऱ्या बाजूने तेवढीच आवळायची, आणि बेअरिंगला दाब यावा म्हणून वरून अर्धी ते एक खाच जास्त. अर्ध्या खाचेसाठी लॉक प्लेट उलटी करून लावायची. सगळं तसंच केलं. पाचवा गिअर टाकून मेन शाफ्ट धरून ठेवला, ड्रेन प्लगच्या भोकातून डायल गेजची (शतांश मिलिमीटर दाखवणाऱ्या मापकाची) काडी आत घालून क्राउनच्या दातावर काटकोनात टेकवली आणि एक्सलचा तुकडा डावी-उजवीकडे हलवला. पहिल्यांदा ०.१५. आनंद झाला. दुसऱ्यांदा, त्याच दातावर, ०.२४. तिसऱ्यांदा ०.१९. तीन दिवस हेच चालू आहे.

दात एकमेकांना कुठे टेकतात ते पाहायला रंग लावून दातांवरचा ठसाही घेतला. वाडीत ट्रकच्या क्राउन बसवणारे एक काका आहेत, बाबांच्या ओळखीचे, ते शेडवर आले होते. मी प्रशियन ब्लूची ट्यूब शोधत होतो. ते म्हणाले, "काय शोधून राहिला? शेंदूर आण मारुतीचा, तेलात कालव अन् पातळ लाव. जाड लावशील तर दात खोटं सांगते." घरी येऊन मॅन्युअल पाहिलं तर त्यातही रेड लेड, म्हणजे शेंदूरच लिहिलेला! (त्यात शिसं असतं, मी हातमोजे घालून लावला, आणि दुकानात खरा शिशाचाच आहे ना हे विचारून घ्या, आता नुसता रंग दिलेलाही मिळतो.) चार दातांवर लावून फिरवलं. ओढीच्या बाजूला (गाडी ओढताना दाब येतो त्या बाजूला) ठसा दाताच्या मध्यापासून बाहेरच्या टोकाकडे सरकलेला, उंचीत मात्र मधोमध. काकांचं मत, क्राउन लांब आहे, जवळ घे. पण डायलचा आकडाच पक्का नाही तर जवळ म्हणजे किती?

म्हणून विचारतो. एकाच दातावर आकडा का बदलतो? आणि पिनियनची पत्ती बदलायची वेळ आली आहे का? ती बदलायची म्हणजे अख्खा शाफ्ट परत उतरवणं आलं.

प्रतिसाद (कोल्हापूर) :

दादा, पत्तीला अजिबात हात लावू नका. ठसा उंचीत मध्यावर आहे म्हणजे पिनियनची खोली बरोबर आहे. पिनियन जास्त आत असता तर ठसा दाताच्या मुळाशी गेला असता, बाहेर असता तर शेंड्याला. तुमचा ठसा लांबीत सरकलाय, तो क्राउनचा प्रश्न आहे आणि क्राउन तुम्ही हलवलेली आहे. जे हलवलं नाही त्यावर संशय घेऊ नये.

मला शंका वेगळीच आहे. तुम्ही पाचवा गिअर टाकून मेन शाफ्ट धरला. त्याने पोकळ शाफ्ट थांबला. पिनियन थांबला का? तुम्हीच लिहिलंय की पिनियन त्या पोकळ शाफ्टच्या आतून जातो. दोघांची गाठ सेंटर डिफरन्शियलमध्ये पडते, आणि डिफरन्शियलचं कामच दोन बाजूंना वेगळं फिरू देण्याचं आहे. म्हणजे एक्सल हलवताना पिनियनही थोडा थोडा हलत असणार आणि ते सगळं तुमच्या डायलवर येतंय. मागचं टोक उघडं आहे तोवर पिनियनचा शाफ्ट थेट धरा, व्हाइसच्या जबड्यात तांब्याच्या पत्र्या घालून, आणि मग मोजा. आणखी एक, क्राउनवर चार ठिकाणी खडूने खूण करून चारही आकडे इथे लिहा.

धागाकर्ता :

खूप खूप आभार. अगदी तेच होतं. पिनियन थेट धरला आणि एकाच दातावर पाच वेळा मोजलं, पाचही वेळा ०.१९. तीन दिवस मी सेंटर डिफरन्शियलची चाल मोजत बसलो होतो.

चार खुणांचे आकडे : ०.१६, ०.१९, ०.२२, ०.१९. पुन्हा फिरवलं, तेच.

प्रतिसाद (कोल्हापूर) :

आकडे बघा, एका फेऱ्यात एकदा चढतात, एकदा उतरतात. क्राउन डगमगते आहे. एवढ्या फरकावर रिटेनर फिरवून काही होणार नाही, एक बाजू मापात आणाल तर दुसरी घट्ट होईल. बेअरिंग बदलताना क्राउन डिफरन्शियलच्या केसवरून काढली होती का?

धागाकर्ता :

हो, काढली होती. बेअरिंग ओढायला पुलर नीट बसत नव्हता म्हणून.

प्रतिसाद (नाशिक) :

मग बोल्टच्या भोकांभोवती बघा. जुना थ्रेड लॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) वाळून दगडासारखा होतो आणि क्राउनच्या पाठीत अडकतो. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, नख फिरवा. ऑइल स्टोन सपाट धरून हलकेच घासा, कानस मुळीच नको. बोल्ट समोरासमोरचे घेत दोन-तीन टप्प्यांत आवळा. आणि क्राउन-पिनियनवर कोरलेले जोडीचे नंबर एकदा पाहून घ्या, मनाला शांती मिळते.

धागाकर्ता :

नख फिरवलं आणि सापडलं. दोन भोकांच्या मधे नखाला अडेल एवढा उंचवटा, वाळलेल्या लालसर लॉकचा पापुद्रा. ब्लेडने अलगद काढला, स्टोन फिरवला, पेट्रोलने पुसलं. बोल्ट ६२ न्यूटन मीटरवर, समोरासमोर. जोडीचे नंबर जुळतात.

इथे एक गोष्ट मला स्वतःला उशिरा सुचली ती सांगतो, उन्हाळ्यात विदर्भात हे काम करणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. केस ॲल्युमिनियमची, आतला माल पोलादाचा, आणि ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. आमच्या शेडमध्ये पहाटे पंचवीस-सव्वीस आणि दुपारी पंचेचाळीस. दोनशे मिलिमीटरच्या अंतरात वीस अंशांना सुमारे चार शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. टेपर बेअरिंगच्या दाबाला हे थोडं नाही. मी दुपारी रिटेनर आवळायचो आणि सकाळी एक्सल हाताला जड लागायचा, त्याचं कोडं आता उलगडलं. आता सगळं माप पहाटे पाच ते सातमध्येच घेतो.

आज पहाटेचे आकडे : क्राउनच्या पाठीमागचा रिटेनर एक खाच आत, समोरचा तेवढाच बाहेर, मग दाबासाठी अर्धी खाच. प्लास्टिकच्या हातोडीने रिटेनरभोवती ठोकत मेन शाफ्ट वीस-पंचवीस वेळा फिरवला, रोलर जागेवर बसावेत म्हणून. चार खुणांवर ०.१५, ०.१६, ०.१७, ०.१६. शेंदूर पुन्हा लावला. ओढीच्या बाजूचा ठसा दाताच्या मध्यावर, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला, आणि जुनी झिजेची चमक जिथे आहे बरोबर तिथेच. काकांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "जमलं. आता बोट लावू नको त्याले."

एकच विचारायचं राहिलं. नवी ओ-रिंग घालण्यासाठी रिटेनर तिची खोबण दिसेपर्यंत मागे घ्यावा लागतो आणि परत त्याच जागी आणायचा. रिटेनर आणि केस दोन्हींवर पंचने बारीक खूण केली आहे आणि किती फेरे मागे घेणार ते भिंतीवर खडूने लिहिणार आहे. पण एका वेळी एकच रिटेनर काढावा, की दोन्ही काढले तरी चालतं?

प्रतिसाद (कोल्हापूर) :

एका वेळी एकच. पहिला ओ-रिंग घालून खुणेवर परत आला, लॉक प्लेट बसली, मगच दुसरा. दोन्ही झाल्यावर डायल परत लावा. आणि ओ-रिंगला गिअर ऑइल चोपडा, कोरडी घातली तर आट्यात पुन्हा कापली जाईल.

धागाकर्ता :

उद्या पहाटे करतो आणि चारही आकडे इथेच लिहितो.