घरातल्या ज्येष्ठांच्या हातून आधी काय सुटलं? (अनुभव धागा)

गोदाकाठ
वय झालं की परावलंबन येतंच, असं आपण सहज म्हणून जातो. पण ते येतं कुठल्या वाटेनं? माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो हे मोजायला 1963 साली सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी सहा गोष्टींची यादी केली: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-शौचावर ताबा, जेवण. 1969 साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली, जरा वरच्या कामांची: फोन, बाजार, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. माझ्या पाहण्यात ही दुसरी यादी आधी गळते आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण "आई, तू बस गं" म्हणत ती कामं आपणच काढून घेतलेली असतात. तुमच्याकडे काय आधी सुटलं, कशामुळे? उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

तिसरा मजला
सासरे. डोंबिवलीत बिनलिफ्टची जुनी इमारत. गुडघे दुखायला लागले तसं उतरणं कमी झालं. आधी भाजी आणणं बंद, मग संध्याकाळचा कट्टा, मग दाढीही रोजची राहिली नाही. उपचारांनी दुखणं बरंच कमी झालं, पण तोवर मांड्यांतला जोरच गेला होता. आणि खाली उतरून भेटायचं तरी कुणाला? कट्ट्यावरचे दोघं तोवर वारले होते. पुनर्विकासाची चर्चा मात्र ते निवृत्त झाल्यापासून चालूच आहे.

फिजिओताई
तिसरा मजला, मांड्यांचं हेच रोज बघते. पडून राहण्याइतकं वाईट काही नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ 1 किलो मांस झडलं. आजारी नसलेली माणसं ही! आपल्याकडे न्यूमोनियातून घरी आलेल्या आजोबांना महिनाभर पलंगावरून उतरू देत नाहीत, पाण्याचा पेलाही हातात. घरी एक करून बघा: खुर्ची भिंतीला टेकवा, हातांची घडी छातीशी, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. 70 ते 74 वयात बायकांना 10 पेक्षा आणि पुरुषांना 12 पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. शेजारी कुणीतरी थांबा मात्र.

शेवंती
आई रात्री मोरीत पडली, खुबा मोडला. सगळ्यांनी ओल्या फरशीला दोष दिला. पुढे एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी औषधांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. त्यात एक झोपेची, आणि रक्तदाबाच्या दोन, नावं निराळी पण जात एकच. बसवून आणि उभं करून रक्तदाब मोजला, तर उभं राहिल्यावर चांगलाच उतरत होता. गोळ्या त्यांनीच कमी केल्या. झोपेची एकदम नाही, हळूहळू. ऑपरेशननंतर आई चालते. पण आंघोळीला जाताना मी दाराबाहेर बसायचं, कडी लावायची नाही. हाड जुळलं, भीती जात नाही.

मेथीची जुडी
वडिलांचे तळपाय बधिर झाले, आम्ही मधुमेहावर ढकललं. घर शाकाहारी, दूध त्यांना आवडत नाही, आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, जिच्यामुळे बी-12 जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. रक्तात बी-12 अगदीच कमी निघालं. इंजेक्शनांनी फरक पडला, पूर्ण नाही. अंधारात अजून भिंत धरून चालतात.

सातारकर जर्सीत
बाबा साताऱ्यात अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरून द्यायचे. न्यू जर्सीत आमच्याकडे आले आणि दुधासाठीही माझ्या गाडीची वाट बघू लागले. रस्त्याला फुटपाथ नाही, बस नाही. माणूस तोच, पाय तेच! परत गेल्यावर लगेच पोस्टाच्या रांगेत उभे. आता आम्हीच तिकडे जातो.

चिंचगुळ
बाबा गेले तेव्हा चेकवर सही कुठे करायची हेही आईला ठाऊक नव्हतं. गुडघे, डोळे, सगळं ठणठणीत. नंतर एटीएम शिकली. पिन मलाही सांगत नाही.

वय वर्षे 76
सगळे आमच्याबद्दल लिहिताय, म्हणून एक आमच्याकडून. माझे फक्त कान गेले होते. ऐकू येईना म्हणून फोन सुनेकडे गेला, बँकेतलं बोलणं मुलाकडे. डॉक्टर तर माझ्यासमोर मुलाला विचारायचे, "यांना भूक लागते का?" श्रवणयंत्र आल्यावर फोन मागून घेतला. लग्नाच्या हॉलमध्ये यंत्र म्हणजे नुसता ताप, ते काढून खिशात ठेवतो. आणि गोदाकाठ, तुमच्या पहिल्या यादीतलं एक माझंही गेलंय: मोजे बायको घालते. पण ते घालून कुठे जायचं ते मी ठरवतो.

शेवंती
मोरीत धरायची दांडी कुणी बसवली आहे का? आई टॉवेलच्या रॉडला धरते आणि तो हलतो. मिस्त्री म्हणतो भोक पाडलं तर टाइल फुटेल. जुनी विटांची भिंत आहे.