हॅडसोबत येस्टरडे चालत नाही म्हणे! त्या 'इंग्लिश सुधारा' पोस्टबद्दल

लिंबूपाणी
परवापासून ती पोस्ट फिरतेय, काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आली आणि माझं डोकं फिरलं. ज्यांच्याकडे अजून पोचली नाही ते नशीबवान, त्यांच्यासाठी थोडक्यात: पास्ट परफेक्टसोबत (म्हणजे हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप, व्ही-थ्री) येस्टरडे, लास्ट वीक कधीच येत नाही, कुठलंही ॲडव्हर्ब हॅड आणि व्ही-थ्रीच्या मधेच बसतं, बिफोर दिसलं की हॅड लागलंच पाहिजे. आणि वर 'आय हॅड गॉन येस्टरडे म्हणणारे अडाणी'.

अहो, येस्टरडेची बंदी हॅवला आहे, हॅडला नाही. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' चूक, बरोबर. पण 'शी टोल्ड मी शी हॅड पेड द बिल येस्टरडे' यात काय बिघडलं? हॅडला भूतकाळातला दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी हे घडलं. तो क्षण असेल तर खुशाल वेळ सांगा, नसेल तर येस्टरडे काढूनही वाक्य लंगडंच. अपवाद 'टू इयर्स अगो'मधल्या अगोचा, कारण अगो आत्तापासून मागे मोजतं. तिथे 'टू इयर्स बिफोर' किंवा 'अर्लियर'. हे पोस्टमधे नाहीच.

आणि तो शाळेतला पेशंट! 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम'. आधी काय नंतर काय हे बिफोरनेच सांगितलंय, 'द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम' म्हटलं तरी तो तेवढाच मेलेला. हॅड खरं लागतं व्हेनला. 'व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड' म्हणजे डॉक्टरला बघून गेला की काय असं वाटतं.

खडूस_मास्तर
लिंबूपाणी, तुमचं सगळं बरोबर असेल पण तुम्ही वर्गात उभ्या राहिला आहात का कधी? माझी हयात क्लासमधे गेली. साठ पोरं, त्यातल्या निम्म्यांना हॅव-हॅज कळत नाही, त्यांना मी 'हॅडला दुसरा क्षण लागतो' सांगू? बिफोर दिसलं की पहिल्यात हॅड, मार्क पदरात, पुढचा प्रश्न. माझी पोरं या एका ओळीवर स्पर्धा परीक्षा पास झालीत. पोस्ट लिहिणाऱ्याने चांगल्या हेतूने लिहिलं असणार, लोकांना नुसतं ओरबाडायची सवय.

ऑनसाइट_ऑफसाइट
मास्तर, तुमची तीच पोरं नंतर आमच्या टीममधे येतात 😅 'आय हॅड सेंट यू द फाइल येस्टरडे.' एवढंच, पुढे काही नाही. आमच्या अमेरिकन क्लायंटने एकदा कॉलवर शांतपणे विचारलं, ओके, अँड देन? त्याला वाटलं पाठवली होती, पण मग काहीतरी झालं, परत घेतली, डिलीट झाली, काहीतरी. सगळे म्यूटवर. पाठवली एवढंच सांगायचं तर 'सेंट' पुरतं ना.

बाकी अमेरिकन लोक स्वतः 'आय ऑलरेडी एट' म्हणतात, हॅव पण नाही आणि हॅड पण नाही. तेव्हा ब्रिटिश नियमांची एवढी पूजा कशाला तेही कळत नाही.

शेवभाजी
अडाणी या शब्दावर मला बोलायचंय. मराठीत 'मी काल पुण्याला गेलो होतो' म्हणजे गेलो आणि परत पण आलो, विषय संपला. नुसतं 'काल पुण्याला गेलो' म्हटलं की समोरचा 'बरं, मग?' म्हणतो. म्हणजे त्या क्लायंटच्या बरोबर उलट! आपण तोच होतो उचलून हॅड करतो. हिंदीवाले पण करतात, 'गया था'. कोट्यवधी लोक एकाच पद्धतीने बोलतात त्याला चूक म्हणायचं की इंडियन इंग्लिश? ऑस्ट्रेलियनने काही केलं की व्हरायटी आणि आपण केलं की अडाणी, वा.

खडूस_मास्तर
हेच! हेच लाड नडले. सगळं चालतं म्हणत म्हणत मराठीची पण वाट लावली. आजकालचे निवेदक, नट, बातम्या देणारे, सगळे 'मी करेल', 'मी येईल'. अरे तो करेल, मी करेन! एवढा साधा फरक कळत नाही आणि निघाले हॅड शिकवायला.

शेवभाजी
सर, आमच्या जळगाव-धुळ्याकडं 'मी करेल' सर्रास बोलतात, आजचं नाही, माझी आजी पण म्हणायची आणि तिने टीव्ही पाहिलेला नव्हता. ती अडाणी का? स्पष्ट सांगा.

खडूस_मास्तर
आजीला मधे आणू नका. बोली घरात, प्रमाण भाषा बाहेर.

चकलीचा_तुकडा
म्हणजे बाहेर फक्त पुण्याचं घर चालणार 🙂 कॉलेजला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच प्रेझेंटेशनला 'मी सांगेल' म्हणाले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने 'सांगेन' म्हणालं. नंतर महिनाभर मी भविष्यकाळच टाळत होते, सगळं 'सांगते', 'करते'.

ऑनसाइट_ऑफसाइट
चकली, सॉरी पण करेल ऐकलं की माझ्या पण कानात खडा जातो. मुद्दाम नाही, जातो.

शेवभाजी
कान साफ करा मग.

लिंबूपाणी
अहो धागा कशाचा आहे!!

जुना_पापी
येतो मूळ मुद्द्यावर, कुणाला ऐकायचं असेल तर. हान्स रायकेनबाख नावाच्या तत्त्वज्ञाने 1947 मधेच तीन क्षण वेगळे करून ठेवलेत: घटना कधी घडली, आपण कुठल्या क्षणावरून तिच्याकडे बघतोय, आणि बोलतोय कधी. पास्ट परफेक्टमधे हे तिन्ही वेगळे पडतात. म्हणून 'द क्लार्क हॅड लेफ्ट ॲट सिक्स' याचे दोन अर्थ: सहाला उठला, किंवा सहाला बघितलं तर खुर्ची आधीच रिकामी. 'ॲट सिक्स' पुढे आणा, 'ॲट सिक्स द क्लार्क हॅड लेफ्ट', लगेच दुसऱ्या अर्थाकडे झुकतं. ऑलरेडी घाला, मग तर तोच. म्हणजे ॲडव्हर्ब कुठे बसवता यावर क्लार्कची हजेरी ठरते, आणि पोस्ट म्हणते सगळं मधे कोंबा.

लिंबूपाणी
धन्यवाद, कुणीतरी माणसात आहे. मधे कोंबायचं तर 'हॅड ॲट सिक्स लेफ्ट' म्हणून बघा. यट पण बहुतेक शेवटी जातं, 'ही हॅडंट अराइव्ड यट'. आणि 'द रोड हॅड ऑलरेडी बीन बॅडली डॅमेज्ड' यात ऑलरेडी हॅडला चिकटलंय आणि बॅडली डॅमेज्डला. दोघांची अदलाबदल करून दाखवा. 'हॅड बॅडली बीन ऑलरेडी', जमतंय?

खडूस_मास्तर
बरं. कुठलंही ॲडव्हर्ब मधेच हे जरा जास्त झालं, मान्य. पण ऑलरेडी, जस्ट, नेव्हरचं मधेच, ते तरी सोडा.

चकलीचा_तुकडा
सर, तुम्हीच शिकवलं असेल ना बारावीला, 'ॲज सून ॲज'चं 'नो सूनर' करा? 'नो सूनर हॅड शी रीच्ड दॅन…' तिथे ॲडव्हर्ब थेट पहिलं आणि हॅड कर्त्याच्या आधी उडी मारतं. 'नेव्हर हॅड आय सीन' पण तसंच. हार्डली घेतलं तर पुढे व्हेन, दॅन लिहिलं की मार्क गेला. एवढं घोकून घेतलंत आणि आता मधेच म्हणता.

खडूस_मास्तर
ते ट्रान्सफॉर्मेशन. वेगळं प्रकरण आहे.

जुना_पापी
परीक्षेत वेगळं असेल सर, भाषेत तेच हॅड आहे.

शेवभाजी
माझा प्रश्न राहिलाच. 'आय हॅड गॉन येस्टरडे' चूक की बोली?

लिंबूपाणी
आपल्या आपल्यात बोला हो, सगळ्यांना कळतं, अडाणी तर मुळीच नाही. पण परदेशी क्लायंटला मेल असेल तर 'वेंट' लिहा, नाहीतर तो पुढच्या वाक्याची वाट बघत बसेल.

शेवभाजी
म्हणजे फिरून मास्तरांचंच, बोली घरात आणि प्रमाण बाहेर. छान.

लिंबूपाणी
मी समोरच्याला कळावं म्हणून सांगतेय, मार्क कापत नाहीये. फरक दिसत नसेल तर राहू द्या.

चकलीचा_तुकडा
करेल-करेनचा वेगळा धागा काढा कुणीतरी. मी नक्की वाचेल.

खडूस_मास्तर
मुद्दाम केलंत.