मदत हवी आहे: गॉथिक ‘निउयिस’ आपल्या ‘नव’चा भाऊ की ‘नव्य’चा?

नमस्कार मंडळी,
हौस म्हणून गॉथिक (इंग्रजी-जर्मनच्या जर्मानिक कुळातली, आता लोपलेली भाषा) शिकतोय. वुल्फिला या बिशपचं चौथ्या शतकातलं बायबलचं भाषांतर सोडलं तर या भाषेत वाचायला फारसं उरलेलंच नाही, त्यामुळे मीही तिथेच. गाडी ‘निउयिस’ (नवा) या विशेषणापाशी अडली आहे.

लॅटिन ‘नोवुस’ आणि ग्रीक ‘नेओस’ सरळ ‘नव’शी जुळतात. मग गॉथिकमध्ये हा ‘य’ कुठून आला?

दुसरी अडचण रूपांची. विशेषण सबळ आणि दुर्बळ अशा दोन तऱ्हांनी, म्हणजे प्रत्ययांच्या दोन तक्त्यांनी, चालतं, हे कळलं. मार्क १:२७ मधलं ‘सो लेसीनो सो निउयो’ (ही नवी शिकवण) दुर्बळ, कारण मागे ‘सो’ (ती/ही) हे दर्शक आहे. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं (५:१७) ‘निउया गास्काफ्ट्स’ (नवी उत्पत्ती) सबळ. पण मार्क २:२२ मध्ये ‘वीन युंगाता इन बाल्गिन्स निउयन्स’, म्हणजे नवा द्राक्षारस नव्या बुधल्यांत. पुल्लिंगी द्वितीया बहुवचनाला दोन्ही तक्त्यांत ‘-अन्स’च! ओळखायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
‘नव्य’चाच. वेदात ‘नव’ आणि ‘नव्य’ दोन्ही सापडतात. जर्मानिक भाषांनी य-वालं रूप उचललं. लिथुआनियन ‘नाउयास’ही य-वालंच. ‘व’चा ‘उ’ का झाला म्हणाल, तर ऱ्हस्व स्वरानंतरच्या ‘व’पुढे ‘य’ आला की गॉथिकमध्ये तसं होतं. ‘मावी’ (मुलगी) बघा, षष्ठीत ‘माउयोस’.

प्रतिसाद २
‘निउयन्स’ सबळ समजा. नुसत्या रूपावरून कळणार नाही, वाक्य बघावं लागतं. मागे ‘सा, सो, थाता’ (तो, ती, ते) यांपैकी काही नाही, आणि त्याच वाक्यातलं ‘युंगाता’ उघडउघड सबळ आहे. (गंमत म्हणजे द्राक्षारसाला ‘युंग्स’, म्हणजे तरुण, आणि बुधल्यांना ‘निउयिस’. मूळ ग्रीकमध्येही तिथे दोन वेगळे शब्द आहेत.)

सबळ तक्ता घोकत बसू नका. शाळेत ‘सर्व’ चालवला असेल ना? ‘सर्वस्मै’, रामासारखं ‘सर्वाय’ नाही. सर्वनामाचे प्रत्यय विशेषणाला लागतात ते असे. संस्कृतात ही सवलत मोजक्या शब्दांना, गॉथिकने सरसकट सगळ्या सबळ विशेषणांना दिली: ‘अल्लाम्मा’ (सगळ्याला), ‘निउयाम्मा’ (नव्याला). त्यातला ‘म्म’ म्हणजे आपल्या ‘स्म’चाच अवतार. दुर्बळ रूपं मात्र ‘राजन्’सारखी न-कारान्त.

धागाकर्ता
‘सर्वस्मै’ने काम झालं, धन्यवाद! मग ‘मिद्यिस’ (मधला) पण असाच चालवायचा?

प्रतिसाद २
हो, आणि तो कायम सबळच. लूक २:४६ मध्ये ‘इन मिद्येम लेसार्यम’, गुरुजनांच्या मधोमध. चतुर्थीच्या बहुवचनात घोळ होत नाही: सबळ ‘-एम’, दुर्बळ ‘-अम’. फक्त ‘लेसार्यम’ हे नाम आहे, त्याच्या ‘-अम’वर जाऊ नका.